दत्तक गेलेलं आपलं माणूस शोधायचंय? कोल्हापुरातनं सुरुवात अशी करा

माझ्या थोरल्या मावशीनं वयाच्या बासष्टाव्या वर्षी, भाकरी थापता थापता, मला सांगितलं की लग्नाआधी मला एक मुलगा झालता आणि तो देऊन टाकला. एवढं बोलून तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, तुला जमतंय का बघ शोधायला, मी काय आता कुणाला भीत नाही. तिथनं पुढची दोन-अडीच वर्षं मी त्या वाक्यामागं पळतेय. किती फेऱ्या फुकट मारल्या, कुठं पैसे घातले, कुठं माझाच शहाणपणा नडला ते सगळं इथं लिहितेय, म्हणजे नवीन सुरू करणाऱ्याचे निदान पहिले सहा महिने तरी वाचतील. मावशीला विचारूनच लिहितेय, नाव-गाव थोडं हलवलंय.

सगळ्यात आधी: दत्तक नक्की कसं गेलं होतं?

हे ठरवल्याशिवाय घराबाहेर पडूच नका. मी पडले होते, सरळ सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, जाऊन रेकॉर्डच्या खिडकीत उभी, आणि खिडकीतल्या माणसानं विचारलं "कुठलं साल, कुणाच्या नावानं?" तर माझ्याकडं दोन्ही नव्हतं.

आपल्याकडं तीन प्रकार असतात. पहिला भावकीतला. कोल्हापूरला दत्तक काय नवीन नाही, शाहू महाराजच दत्तक आलेले, कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १७ मार्च १८८४ ला करवीरच्या गादीला दत्तक आले, आणि ते कुणाचे कोण हे त्या दिवशीपासनं सगळ्यांना माहीत. तसं गावाकडं दिराचं पोर, बहिणीचं पोर देतात, माणसं बोलावून ओटीत घालतात. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातही महत्त्व आहे ते प्रत्यक्ष देण्या-घेण्याला, होम केलाच पाहिजे असं नाही. अशा दत्तकाचा कागद केला असेल तर तो रजिस्टर दत्तकपत्र म्हणून दुय्यम निबंधकाकडं, आणि शेती असेल तर फेरफारात आणि वारस नोंदीत त्याची सावली दिसते. हे शोधायला सगळ्यात सोपं, तलाठ्यापेक्षा गावातली एखादी म्हातारी पुरते.

दुसरा प्रकार संस्थेतला. आई किंवा घरचे मूल संस्थेत देतात, सही करतात, संस्था पुढं कायद्याच्या मार्गानं दत्तक देते. इथं कागद असतो आणि बऱ्याचदा चांगला असतो, पण तो तुम्हाला दाखवत नाहीत. का ते पुढं सांगते.

तिसरा म्हणजे बिनकागदाचा. नर्सिंग होममधनंच मूल परस्पर दुसऱ्या जोडप्याच्या हातात, जन्माची नोंदसुद्धा त्यांच्याच नावावर. आज हे केलं तर बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे, पैसे घेऊन दिलं असेल तर आणखी मोठा, पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हे किती झालंय ते जुन्या सुईणींना विचारा. इथं कागद मिळणारच नाही, फक्त माणसं आणि नशीब.

आणि मूल हरवलेलं किंवा पळवलेलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, सरळ पोलीस स्टेशन गाठा, मूल अजून लहान असेल तर १०९८ ला फोन लावा.

म्हाताऱ्या माणसाकडनं तारीख कशी काढायची

हा भाग मी जरा लांबण लावून सांगणार कारण आमचं सगळं काम इथंच झालं.

"कधी झालं?" असं विचारायचं नाही. मावशीला विचारलं तर ती म्हणायची, "मला काय म्हायती, मी काय लिहून ठेवलंय व्हय." सन विचारला की चुकीचा सांगायची, एकदा ७७, एकदा ८०. मग मी विचारायची पद्धत बदलली. त्या वर्षी घरात काय चाललं होतं, कुणाचं लग्न झालं, कुठली म्हैस होती, धाकटा मामा कितवीत होता. मामा दहावीला होता आणि गणितात नापास झालता हे तिला पक्कं आठवत होतं, मामाचा शाळेचा दाखला काढला, १९७९.

महिन्याची गोष्ट अजून मजेची. ती म्हणाली बेंदराच्या आसपास. आता कोल्हापूरकराला कळेलच गोची काय आहे ती, आपल्याकडं बेंदूर दोन, कर्नाटकी बेंदूर जेठात आणि महाराष्ट्राचा आखाडात, म्हणजे एक महिन्याचा फरक. कुठला बेंदूर? ते तिला सांगता येईना. बैल रंगवले होते एवढंच. चार-पाच दिवसांनी तिचाच फोन, सकाळी साडेसहाला, "अगं खिडकीतनं पी-ढबाक ऐकायला येत होतं, सारखं, मला झोप लागंना." पी-ढबाक म्हणजे त्र्यंबोलीची यात्रा, नदीचं नवं पाणी घेऊन गल्लीगल्लीतल्या बायका वाजतगाजत टेंबलाईला निघतात ती, आणि ती आखाडातच, मंगळवार-शुक्रवार. झालं, जेठ बाद. म्हणजे जुलै. आणि दुसरं म्हणजे ते नर्सिंग होम शहरातच होतं, मिरजेला नव्हतं, हेही त्या वाजंत्र्यानंच सांगितलं, कारण तोपर्यंत माझी आई छातीठोकपणे मिरज मिरज म्हणत होती.

तर असं विचारा. जोतिबाची यात्रा, महापूर, बहात्तरचा दुष्काळ, कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७, आपल्याकडची भांडी पडलेली घरोघरी आठवतात), इंदिरा गांधी गेल्या तो दिवस. तिथी मिळाली की जुनं पंचांग बघून तारखेचा टप्पा काढता येतो. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर विचारून करा. आणि एका बैठकीत सगळं काढायला जाऊ नका, रडारड झाली की पुढचे पंधरा दिवस कुणी बोलत नाही, माझा अनुभव.

एक वही करा, एका पानावर फक्त जे नक्की आहे ते, दुसऱ्या पानावर जे कुणीतरी म्हणालंय ते. दोन पानं एकत्र करू नका. मिरजेची फेरी माझी त्यामुळंच फुकट गेली.

कागद कुठं कुठं असू शकतात

शहरातला जन्म असेल तर महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग, गावातला असेल तर ग्रामपंचायत, आणि जुनं असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. जातीच्या दाखल्यासाठी लोक हेच काढतात त्यामुळं क्लार्कला सांगायला लागत नाही. नोंदींचा शोध घ्यायचा अर्ज फी भरून कुणालाही करता येतो, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तशी सोय आहे.

पण एक लक्षात ठेवा: लग्नाआधीचं बाळंतपण असेल तर नोंद खऱ्या नावानं असायची शक्यता कमी. मावशीला दाखल करताना गळ्यात आजीचं जुनं मंगळसूत्र घातलं होतं आणि नाव सांगितलं होतं सौ. अमुक तमुक, आडनाव भलत्याच कुणाचं. म्हणून नावानं शोधू नका, तारखेनं आणि पत्त्यानं शोधा. खोटं नाव सांगणारी माणसं गाव मात्र बऱ्याचदा खरं सांगतात किंवा शेजारचं सांगतात.

दत्तकानंतर जन्माचा दाखला नव्यानं निघतो आणि त्यावर दत्तक आईवडिलांचीच नावं असतात, त्यामुळं तो दाखला मिळवून काही उजेड पडेल या भ्रमात राहू नका.

हद्दीचा घोळ आपल्या जिल्ह्यात भरपूर आहे. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, त्याच्या आधीचं काही बघायचं असेल तर तिकडंही विचारायला लागतं. सांगली जिल्ह्याचं नाव १९६० पर्यंत दक्षिण सातारा होतं. आणि १ मार्च १९४९ च्या आधी आपण संस्थान होतो, विलीनीकरण त्या दिवशी झालं, त्याआधीचे कागद करवीर सरकारचे, बरेच मोडी लिपीत. आज्जा-पणज्याच्या काळातलं दत्तक शोधत असाल तर मोडी वाचणारा माणूस आधी धरा, मग पुरालेखागारात जा.

नर्सिंग होमचे केसपेपर मिळतील अशी आशा ठेवू नका. डॉक्टरांना नियमानं तीन वर्षं ठेवायला लागतात, ४५ वर्षांचे कोण ठेवतंय. आमचं नर्सिंग होम तर राहिलंच नव्हतं, खाली मोबाईलची दुकानं झालेली, डॉक्टर वारलेले, मुलगा भेटला, चांगला माणूस, म्हणाला रजिस्टरं तळघरात होती आणि महापुरात गेली. कुठल्या महापुरात विचारलं तर तो हसला, २००५, २०१९, २०२१, कुठलाही धरा. पण त्यानंच तिथल्या जुन्या आयाबाईंचा पत्ता दिला. त्या आक्कांनी चहा करता करता सांगितलं की आमच्याकडनं अशी मुलं कुठं जायची, संस्थेचं नाव घेतलं, न्यायला यायच्या त्या बाई पांढरी नऊवारी नेसायच्या हेही सांगितलं, आणि पांढऱ्या नऊवारीची बाई मावशीच्या आठवणीत होतीच. कागदानं जे झालं नाही ते आयाबाईनं केलं. तर माणसं आधी गाठा, ती रजिस्टरापेक्षा लवकर जातात.

वर्तमानपत्रं हा एक सुटलेला रस्ता आहे. सापडलेल्या, टाकून दिलेल्या मुलांच्या पालकांनी पुढं यावं म्हणून पेपरात जाहीर निवेदन द्यायची पद्धत आहे, फोटोसकट. तुमचं माणूस "सापडलेलं बाळ" असेल तर जुने स्थानिक अंक चाळा, करवीर नगर वाचन मंदिरात (१८५० पासनंचं वाचनालय आहे) किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा काय ठेवलंय ते. डोळे दुखतात पण त्या एका महिन्याचे अंक चाळायला दोन दिवस पुरतात.

संस्था कुठली ते कसं ओळखायचं

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं बालकल्याण संकुल, जुन्या लोकांच्या तोंडी अजून रिमांड होमच. पण सगळी मुलं इथंच राहिली असं नाही, बोभाटा नको म्हणून लांब पाठवायचे. पंढरपूरचा बालकाश्रम, प्रार्थना समाजानं १८७५ ला सुरू केलेला, तिकडं पिढ्यानपिढ्या बायका गेल्यात. पुण्याला ससूनजवळची सोफोश, १९६० च्या दशकातली. "दर्शनाला जाऊन आली" "मामाकडं पुण्याला ठेवली" असं घरात बोललं जात असेल तर त्याचा अर्थ लावा.

कुठली संस्था हे अजिबातच कळत नसेल तर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या हाताखाली जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, तिथं लेखी अर्ज द्या. बंद पडलेल्या संस्थेचं दप्तर कुठं गेलं हे विचारायचंही ठिकाण तेच, किंवा पुण्याचं महिला व बालविकास आयुक्तालय.

आता कडू भाग: कायदा तुमच्या बाजूनं नाही

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी पहिल्या फेरीत टेबलावर हात आपटला नसता. आपटला होता. लाज वाटते आता.

दत्तकाच्या कामाची देशातली मुख्य संस्था म्हणजे कारा, दिल्लीची, १९९० पासनंची. तिच्या २०२२ च्या दत्तक नियमावलीत मूळ शोधायची तरतूद आहे, पण ती कुणाला? जे मूल दत्तक गेलं त्याला. त्यानं मोठं झाल्यावर विचारलं तर सगळ्या यंत्रणेनं त्याला मदत करायची. तिसऱ्या माणसाला असा शोध घेता येत नाही, असं स्पष्ट लिहिलंय, आणि जन्मदाते, दत्तक आईवडील, मूल, कुणाचीच माहिती बाहेर द्यायची नाही. भाची म्हणून मी तर तिसरीच काय, दहावी माणूस. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा सल्ला दहा जण देतील, खाजगी माहितीच्या कलमावर तो परत येतो, माझा आला.

मग आपण काय करायचं, घरी बसायचं? नाही. त्या बाजूनं कधी विचारणा झालीच तर आपण सापडलो पाहिजे, एवढं मात्र आपल्या हातात आहे. नियम असाय की आईनं मूल देताना माझं नाव गुप्त ठेवा असं सांगितलं असेल, तर मूल विचारायला आलं की आधी आईची लेखी संमती घ्यायला लागते. आई सापडलीच नाही किंवा नाही म्हणाली तर मूल कुठल्या परिस्थितीत दिलं एवढंच त्याला सांगतात. आता ४५ वर्षांपूर्वीचा माहेरचा पत्ता, खोटं आडनाव, कोण कसं सापडणार? म्हणजे पोरगं येऊन हात हलवत परत जाणार, आणि इकडं आई वाट बघत बसलेली. हे होऊ नये म्हणून संमती आधीच नेऊन द्यायची. माझ्या मते सगळ्या शोधात हे एक काम केलं तरी पुष्कळ झालं.

संस्थेत जाताना

जन्मदाती आई हयात असेल तर तिलाच न्या. मी एकटी गेले तेव्हा दारातनंच परत पाठवलं आणि बरोबरच केलं त्यांनी. दुसऱ्यांदा मावशी आली, सकाळची एसटी धरून, इरकल नेसून, डब्यात धपाटे घेऊन, वाट बघायला लागली तर म्हणून.

बरोबर काय न्यायचं: आधार कार्ड, माहेरच्या नावाचा शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र, बाळंतपणाचं साल-महिना-ठिकाण एका कागदावर. दाखल करताना कुठलं खोटं नाव दिलं होतं ते आठवत असेल तर तेही लिहा, लाजू नका, तिथल्या बायकांनी हे हजारदा बघितलंय. सगळ्याच्या झेरॉक्सचे दोन सेट. फोन आधी करून वेळ घ्या.

तिथल्या ताईंनी मावशीचं सगळं ऐकून घेतलं, मधेच एकदाही अडवलं नाही, मग सही करून दाखवा म्हणाल्या, माहेरच्या नावाची. मावशीनं ४४ वर्षांनी ती सही केली, शेवटचं अक्षर चुकलं, खोडून परत केली. तो कागद घेऊन ताई आत गेल्या. चाळीस मिनिटं आम्ही बाकड्यावर, समोर कॅलेंडर आणि पंखा. आल्या आणि म्हणाल्या, "कागद आहे. सही जुळती. बाळ घरात गेलं होतं."

मावशी म्हणाली, "घरात म्हंजे?"

"म्हणजे इथं राहिलं नाही मावशी. त्याला घर मिळालं होतं."

याच्यापुढं त्यांनी एक शब्द सांगितला नाही, सांगणार पण नाहीत, आणि हे एवढंही सगळीकडं सांगतील अशी खात्री देत नाही. मावशीनं धपाट्यांचा डबा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली मी जातो आता. परत येताना गाडीत ती झोपली.

फाईलमध्ये ठेवायचं पत्र

पहिलं पत्र मी लिहिलं होतं, नऊ पानं, आत्ता वाचलं तर मलाच कसंतरी होतं. ताईंनी वाचून नीट सांगितलं की हे वाचून माणूस घाबरेल. मग मावशीनं सांगितलं तसं लिहिलं, दीड पान.

त्यात काय असावं: मी कोण, कधी कुठं झालास, का दिला ते दोन-तीन वाक्यात, खरं. घरातले आजार, हे फार महत्त्वाचं, डायबेटिस, बीपी, हार्ट, कुणाला कॅन्सर झालता का, कारण दत्तक माणसाला डॉक्टर विचारतो घरात कुणाला आहे का आणि त्याच्याकडं उत्तर नसतं. माझं नाव-पत्ता त्याला द्यायला माझी हरकत नाही हे वाक्य वेगळ्या कागदावर, सहीनिशी, तारखेनिशी. दोन फोन नंबर, एक तिचा, एक घरातल्या तरुण माणसाचा. त्या काळातला एक फोटो. त्याचे दत्तक आईवडील म्हणजे त्याचे आईवडील, त्यांच्याबद्दल एक ओळ मानाची, ती विसरू नका.

काय नसावं: ये, भेट, तुझा हक्क, माझं काळीज. मागणी कसलीच नको. पैशाचा विषय तर नकोच.

हे पत्र पाकिटात घालून वर अर्ज जोडा की फाईलला लावून ठेवावं, आवक-जावकला द्या आणि पोच घ्या. सगळीकडं पहिल्या झटक्यात घेत नाहीत, शिक्का मारून घ्यायला काचकूच करतात, मग स्पीड पोस्टानं पाठवा. एक प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला.

एजंट, ग्रुप आणि डीएनए

आधी माझं येडेपण. सुरुवातीला मी दोन-तीन व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला होता, साल, ठिकाण, सगळं. तिसऱ्या दिवशी एकाचा फोन, आमची आतनं ओळख आहे, फाईल काढून देतो, पंचवीस हजार, आधी पाच. दिले. त्यानं एका माणसाचं नाव, गाव आणि आधार कार्डाचा फोटो पाठवला, वय बघितलं तर आमच्या सालापेक्षा सहा वर्षांनी लहान. नंतर फोन बंद. नशीब मी त्या नावाच्या माणसाच्या दारात गेले नाही. कुणी पैसे मागितले की समजायचं. आणि ज्याचा शोध घेताय ते अजून १८ च्या आतलं असेल तर फोटो, नाव कुठंच टाकू नका, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मोठं असलं तरी त्याच्या बायकोला, पोरांना तो दत्तक आहे हे माहीत आहे का, आपल्याला काय ठाऊक.

डीएनए टेस्टचा उपयोग होतो, पण समोरच्यानंही केली असली तरच. सत्तर-ऐंशीच्या दशकात इकडनं स्वीडन, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, बेल्जियम, अमेरिकेला गेलेली मुलं आता तिकडं अशा टेस्ट करतात, त्यामुळं मूल परदेशी गेल्याचा संशय असेल तर विचार करा. नमुना घरातल्या सगळ्यात जुन्या आणि जवळच्या माणसाचा द्या. आई-मुलात निम्मा डीएनए सारखा, आई किंवा बाप एकच असलेल्या सावत्र भावंडांत साधारण पाव, मावस-चुलत भावंडांत साडेबारा टक्के. मी माझा दिला तर तो साडेबाराचा, मावशीचा दिला तर पन्नासचा, साधा हिशोब. आणि आपल्याकडची खास भानगड: मामाच्या मुलीशी लग्न. पिढ्यानपिढ्या तीच तीच घरं असली की लांबचा माणूस जवळचा दिसायला लागतो, तिकडचं कंपनीचं कोष्टक इथं जसंच्या तसं लावू नका. कंपनीचंही बघून घ्या, ट्वेंटीथ्री अँड मी एवढी मोठी, मार्च २०२५ ला दिवाळखोरीत गेली, लोक डेटा पुसायला पळत होते.

तुम्हीच दत्तक गेलेले असाल तर

तुमचं काम आमच्यापेक्षा सरळ. १८ पूर्ण असतील तर स्वतः अर्ज करा, कमी असतील तर आईवडिलांबरोबर मिळून. संस्थेकडं, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडं, राज्याच्या दत्तक यंत्रणेकडं किंवा कारा, कुठूनही सुरू करता येतं, परदेशात असाल तर तिथली अधिकृत एजन्सी किंवा भारतीय वकिलात. वकील, मित्र, संशोधक यांना तुमच्या वतीनं पाठवू नका, तिसरा माणूस म्हणून अडवतात. दत्तकाचा आदेश हाताशी ठेवा, १ सप्टेंबर २०२२ पासनं तो कलेक्टर काढतात, त्याआधीचा कोर्टाचा, आणि जुन्या काळी परदेशी गेलेल्या मुलांचा १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखालचा. अगदीच कुठं अडलं तर हायकोर्ट, ऑगस्ट २०२५ पासनं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, मुंबईची रात्रीची गाडी वाचली.

हिश्श्याचं आधीच मिटवा

शोध सुरू केला की घरात कुजबूज ठरलेली, "हिस्सा मागायला येणार बघ." माझ्या मावसभावांच्या आधी त्यांच्या चुलत्यांनाच घाम फुटला. कायदेशीर दत्तक गेलेल्याचा जन्माच्या घरातला वारसा तुटतो, दत्तकाआधीच त्याच्या नावावर आलेलं काही असेल तेवढं त्याचं राहतं. तुमचाही त्याच्या घरात काही हक्क नाही. राहतं ते एवढंच की जन्माच्या घरात ज्यांच्याशी लग्न चाललं नसतं त्यांच्याशी दत्तक गेल्यावरही चालत नाही. बिनकागदाच्या दत्तकात मात्र हे एवढं साफ नसतं, तिथं दिवाणी वकील गाठा. हे सगळं भावकीला चहावर बसवून एकदा सांगून टाका, निम्मा विरोध तिथंच गळतो.

आणि घरातल्यांना कधी सांगायचं? मावशीनं फाईलला पत्र लावायच्या आधी दोन्ही मुलांना सांगितलं. थोरला आठवडाभर बोलला नाही, धाकट्यानं विचारलं "माझ्यासारखा दिसत असंल का गं?" उद्या अनोळखी नंबरवरनं फोन आला आणि तो सुनेनं उचलला तर काय, म्हणून आधी घर तयार करा.

फोन आलाच तर

आमचा अजून आला नाही. पण संस्थेतल्या ताईंनी सांगून ठेवलंय ते लिहिते. पहिली भेट घरी नको आणि त्यांच्या घरी तर अजिबात नको, पेढे घेऊन दारात उभं राहायचं नाही. संस्थेच्याच खोलीत, त्यांचा माणूस बरोबर असताना. सगळं खानदान नेऊ नका, दोघं जावा. पहिल्याच दिवशी फोटो काढून स्टेटसला टाकू नका. तो म्हणाला की मला एवढंच बघायचं होतं, पुढं काही नको, तर तेही ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

फाईलमधला पत्ता-फोन वर्षातनं एकदा तपासा. आम्ही जानेवारीत एक ओळीचं पत्र पाठवतो, नंबर तेच आहेत म्हणून. मावशीला धाकट्यानं नवीन स्मार्टफोन घेऊन दिला, नवीन सिमसकट, त्यावर ती भजनं ऐकते. पण जुना बटणांचा फोन अजून फ्रीजवर चार्जिंगला असतो, त्याच्यावर कुणाचाच फोन येत नाही, कंपनीचे सोडून. दर महिन्याला कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ती त्याचा रिचार्ज मारून येते. दुकानदार पोरगा परवा म्हणाला, आज्जी, हा नंबर बंद करून टाका की, कशाला पैसे घालताय. तर त्याला म्हणाली, तू मार रे.